वडील गोदीत पाईप फिटर होते, आता दम लागतो. ॲस्बेस्टॉसमुळे आहे हे कसे ठरवायचे?

नमस्कार. तुम्ही लिहिलेली हकीकत आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक झाली असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. वडील ६८ वर्षांचे आहेत. १९७९ ते २०१५ ते मुंबईतल्या एका जहाजबांधणी आणि दुरुस्तीच्या गोदीत पाईप फिटर होते. २००५ पर्यंत रोज आठ-दहा विड्या ओढत, नंतर त्यांनी त्या सोडल्या. गेली दोन वर्षे जिना चढताना दम लागतो आणि कोरडा खोकला आहे. एक्स-रेमध्ये ‘जुने डाग’ दिसले म्हणून सहा महिने क्षयाची औषधे झाली, मात्र थुंकीत जंतू कधीच सापडले नाहीत आणि दमही कमी झाला नाही. आई त्यांचे कामाचे कपडे घरी धूत असे आणि तिलाही महिनाभर खोकला आहे. धाकटा भाऊ मुंबईतल्या दारूखान्यात जहाजतोडणीच्या कामावर कंत्राटदाराकडे जातो. रायगडमधल्या तुमच्या घरावर सिमेंटचे पत्रे आहेत. तुमचा मुख्य प्रश्न असा आहे की, हे सगळे ॲस्बेस्टॉसमुळे, म्हणजे उष्णता अडवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या त्या तंतुमय खनिजामुळे, झाले का, हे सांगणारी नेमकी चाचणी कोणती आणि ती कुठे होते.

गेली सव्वीस वर्षे मी औद्योगिक आरोग्याचे काम करतो आहे आणि त्यातला मोठा काळ मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कामगारांमध्ये गेला आहे. त्या अनुभवावरून पहिल्यांदा हे स्पष्ट सांगायला हवे की, तुम्ही शोधत आहात तशी एकच एक चाचणी नाही. रक्त, थुंकी किंवा साधा एक्स-रे यांपैकी काहीही ‘ॲस्बेस्टॉस’ असे नाव घेऊन बोलत नाही. सीटी स्कॅन फुफ्फुसात काय बदल झाले आहेत ते दाखवतो, पण ते बदल कशामुळे झाले हे ठरवताना डॉक्टरला रुग्णाने आयुष्यभर कोणते काम केले, कुठे केले आणि कधी केले याचाच आधार घ्यावा लागतो. म्हणून तुमच्यापुढची खरी अडचण चाचणीची नाही. वडिलांच्या छत्तीस वर्षांच्या कामाचा इतिहास आजवर कोणी विचारलेला नाही आणि त्यांच्या फाइलमध्ये व्यवसाय म्हणून फक्त ‘निवृत्त’ एवढेच लिहिलेले आहे, ही खरी अडचण आहे.

वडील लॅगिंगवाले, म्हणजे नळांवर उष्णतारोधक आवरण चढवणारे, नव्हते, फिटर होते, म्हणून त्यांचा ॲस्बेस्टॉसशी संबंध आला नसेल असे तुमच्या एका नातेवाइकाचे म्हणणे आहे. हा समज फार जुना आहे आणि चुकीचा आहे. १९६०च्या दशकात इंग्लंडमधल्या डेव्हनपोर्टच्या नौदल गोदीतल्या कामगारांची पाहणी झाली, तेव्हा नळांवर आवरण चढवणाऱ्या लॅगर लोकांप्रमाणेच इतर हुद्द्यांवरच्या कामगारांच्या छातीतही ॲस्बेस्टॉसच्या खुणा सापडल्या होत्या. कारण जहाजाच्या रचनेतच आहे. इंजिन रूम आणि बॉयलर रूम ही पोलादाने चहूबाजूंनी बंद असलेली, जेमतेम हवा खेळणारी जागा असते. तिथे एका कोपऱ्यात लॅगर वाफेच्या नळावरचे जुने आवरण हातोडीने फोडत असेल, तर त्याच जागेत काम करणारा वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, रंगारी आणि झाडू मारणारा हेल्पर हे सगळे तीच हवा श्वासात घेतात. हे तंतू इतके बारीक असतात की उडालेली धूळ खाली बसून जागा साफ झाली असे वाटल्यावरही ते तासन्‌तास हवेत तरंगत राहतात.

पाईप फिटरचे तर कामच या आवरणाशी होते. नळ बदलायचा असेल, फ्लँज (नळ एकमेकांना जोडणारी चकती) उघडायची असेल, व्हॉल्व्ह काढायचा असेल, तर आधी त्यावरचे आवरण काढावे लागते, आणि लॅगरची वाट पाहत कोणी बसत नसे. वडिलांच्या पिढीने ज्या जहाजांची दुरुस्ती केली, त्यांतली बरीच १९५०, ६० आणि ७०च्या दशकांत बांधलेली होती. त्या काळच्या वाफेच्या नळांवर ‘८५ टक्के मॅग्नेशिया’ या नावाने ओळखले जाणारे आवरण सर्रास असे, आणि त्यातला उरलेला भाग बहुतांशी ॲस्बेस्टॉसचा असे. वळणांवर आणि सांध्यांवर ॲस्बेस्टॉसची पूड पाण्यात कालवून हाताने लिंपत. फ्लँजमधली गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारी पातळ चकती, ॲस्बेस्टॉसच्या शीटमधून कापून काढत, आणि जुनी गॅस्केट पत्र्याला चिकटून बसलेली असल्यामुळे ती खरवडून किंवा वायरब्रशने घासून काढावी लागे. व्हॉल्व्हच्या ग्लँडमध्ये, म्हणजे दांड्याभोवतीच्या खाचेत, गळती रोखायला ॲस्बेस्टॉसची दोरी भरत. केबिनच्या भिंतींची पॅनेल, आगप्रतिबंधक दारे, विंचचे ब्रेक, वेल्डिंगच्या ठिणग्या अडवण्यासाठी अंथरायचे कापड आणि हातमोजे या सगळ्यांत तोच पदार्थ होता. आग आणि उष्णता सहन करणारा, स्वस्त आणि हवा तसा वळवता येणारा म्हणून त्याचे कौतुक होते. सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी जहाजांवर तो नव्याने बसवण्यावर जुलै २००२पासून मोजके अपवाद ठेवून, आणि जानेवारी २०११पासून पूर्ण बंदी घातली. वडिलांच्या नोकरीतला बहुतेक काळ त्याआधीचा आहे, हे तुम्ही लक्षात घ्या.

या विषयात माझ्या हातून झालेली एक चूक इथे सांगणे मला आवश्यक वाटते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत गोदीतून निवृत्त झालेला एक वेल्डर माझ्याकडे येत असे. वेल्डर म्हणजे वेल्डिंगचा धूर आणि त्यात विडीची सवय, एवढे गृहीत धरून मी त्याच्यावर जवळजवळ दोन वर्षे दीर्घकालीन ब्राँकायटिसचे उपचार केले. एकदा मी त्याला सहज विचारले की, टाकीत आडवे होऊन वेल्डिंग करताना गुडघ्याखाली काय घ्यायचात. तो म्हणाला, “तेच पांढरं कापड, साहेब. फाडून घ्यायचो, झटकायचो आणि त्यावरच जेवणानंतर पडायचो.” ते ॲस्बेस्टॉसचे कापड होते. त्याच्या छातीतले बदल नंतर सीटीमध्ये स्पष्ट दिसले. तेव्हापासून मी कोणालाही “ॲस्बेस्टॉसमध्ये काम केले का?” असा प्रश्न विचारत नाही, कारण बहुतेक जण प्रामाणिकपणे “नाही” म्हणतात. त्यांना त्या वस्तूचे नाव कधी कोणी सांगितलेलेच नसते.

म्हणून माझी पहिली विनंती अशी आहे की, कोणत्याही तपासणीआधी वडिलांजवळ दोन-तीन वेळा निवांत बसा आणि त्यांचा कामाचा इतिहास लिहून काढा. त्यांना दम लागतो, तेव्हा एकाच बैठकीचा हट्ट धरू नका. वर्षानुसार जा. पहिली काही वर्षे हेल्पर म्हणून गेली का, कोणत्या शॉपमध्ये होते, जहाजावरचे काम किती आणि वर्कशॉपमधले किती हे विचारा. जहाजांची नावे त्यांना आठवतील. गोदीतली माणसे तारखा विसरतात, पण जहाजांची नावे विसरत नाहीत, असा माझा अनुभव आहे. नंतर वस्तूंकडे वळा. जुने आवरण कशाने काढायचात, ते कोरडेच फोडायचात की पाणी मारून, खाली पडलेला चुरा कोण आणि कशाने झाडायचे, कपड्यांवरची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायचात का, गॅस्केट कशातून कापायचात, तोंडावर काय बांधायचात, डबा कुठे बसून खायचात, हे सगळे विचारा. इंजिन रूमचा नकाशा कागदावर काढून मागा. उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहा, शेवटी त्यांची सही आणि तारीख घ्या. डॉक्टरकडे जाताना हा कागद बरोबर न्या आणि त्याची प्रत केस पेपरला जोडायला सांगा.

आता आजारांविषयी. ॲस्बेस्टॉसमुळे छातीत जे बदल होतात ते सगळे एकसारखे गंभीर नसतात, आणि हा फरक कळला नाही तर घरात विनाकारण भीती पसरते. सर्वांत जास्त आढळणारा बदल म्हणजे फुफ्फुसाभोवतीच्या आवरणावर येणारे जाड चट्टे, ज्यांना प्ल्यूरल प्लाक म्हणतात. ते संपर्क सुरू झाल्यानंतर साधारण वीस वर्षांनी किंवा त्याहून उशिरा दिसू लागतात, कालांतराने त्यांत कॅल्शियम साचते, बहुधा त्यांचा काही त्रास होत नाही आणि ते स्वतः कर्करोगात बदलत नाहीत. ते फक्त साक्ष देतात की या माणसाच्या छातीत ॲस्बेस्टॉस गेलेला आहे. दुसरा आजार ॲस्बेस्टॉसिस. यात तंतूंमुळे फुफ्फुसाच्या आत, मुख्यतः खालच्या भागात, व्रणासारखी कडक ऊती तयार होत जाते, फुफ्फुस ताठर होते, दम हळूहळू वाढतो, आणि पाठीला स्टेथोस्कोप लावल्यावर श्वास घेताना वेल्क्रो उघडल्यासारखा चरचर आवाज ऐकू येतो. तो किती होईल हे किती तंतू किती वर्षे आत गेले यावर बरेच अवलंबून असते. तिसरा फुफ्फुसाचा कर्करोग, आणि चौथा मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. हा दुर्मीळ आहे, पण संपर्कानंतर तीस-चाळीस वर्षांनीसुद्धा उद्भवतो आणि विडी-सिगारेटशी त्याचा संबंध नाही.

फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मात्र तसे नाही. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या इन्सुलेशन कामगारांच्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की, धूम्रपान न करणाऱ्या आणि ॲस्बेस्टॉसशी संबंध नसलेल्या माणसाचा फुफ्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू होण्याचा धोका १ धरला, तर नुसत्या ॲस्बेस्टॉसने तो सुमारे ५, नुसत्या धूम्रपानाने सुमारे ११, आणि दोन्ही एकत्र आल्यावर ५०हून अधिक होतो. पुढच्या अभ्यासांत हे आकडे कमी-जास्त आले, पण दोन्ही मिळून धोका फार वाढतो आणि धूम्रपान सोडल्यावर तो वर्षागणिक उतरत जातो, याविषयी शंका उरलेली नाही. वडिलांनी वीस वर्षांपूर्वी विडी सोडली, ही त्यांनी स्वतःसाठी केलेली सर्वांत मोठी गोष्ट आहे. हे त्यांना जरूर सांगा, कारण अशा रुग्णांना बहुतेक वेळा आपण काय चुकलो एवढेच ऐकवले जाते.

क्षयाच्या उपचारांबद्दल मला जपून बोलायला हवे, कारण तो एक्स-रे मी पाहिलेला नाही. आपल्याकडे क्षय इतका जास्त आहे की डॉक्टरने त्याचा विचार आधी करणे चुकीचे नाही, आणि धुळीत काम केलेल्या माणसाला क्षय होऊही शकतो. तरीही काही फरक पाहण्यासारखे आहेत. क्षयाच्या खुणा बहुधा फुफ्फुसाच्या वरच्या भागात असतात, तर ॲस्बेस्टॉसिस खालच्या भागात सुरू होतो. जुन्या क्षयामुळे आवरणावर साचलेले कॅल्शियम बहुधा एकाच बाजूला असते, तर ॲस्बेस्टॉसचे चट्टे दोन्ही बाजूंना, आणि विशेषतः छाती-पोटामधल्या पडद्यावर दिसतात. थुंकीत जंतू नाहीत, क्षयाचे जंतू जनुकांवरून शोधणारी सीबीनॅट चाचणी नकारात्मक आहे आणि सहा महिन्यांच्या औषधांनी फरक पडला नाही, अशा वेळी तेच उपचार पुन्हा सुरू करण्याआधी निदानाचा नव्याने विचार व्हायला हवा. कोणी दुसऱ्यांदा क्षयाची औषधे सुरू करायला सांगितले, तर कशाच्या आधारावर, हे नम्रपणे पण नक्की विचारा.

तपासण्यांचा क्रम मी असा ठेवतो. आधी सगळे जुने एक्स-रे जमा करा. गोदीत दरवर्षी वैद्यकीय तपासणी होत असेल तर तेव्हाच्या फिल्म सोन्याइतक्या मोलाच्या आहेत, कारण बदल कधी सुरू झाले हे त्यांतून कळते. त्यानंतर छातीचा एचआरसीटी, म्हणजे बारीक तपशील दाखवणारा सीटी स्कॅन, करायचा, आणि त्यासाठी लिहून देताना “ॲस्बेस्टॉसचा व्यावसायिक संपर्क, पालथे झोपवूनही प्रतिमा घ्याव्यात” असे स्पष्ट लिहायला डॉक्टरांना सांगायचे. उताणे झोपल्यावर फुफ्फुसाच्या मागच्या-खालच्या भागात केवळ वजनामुळे जो पांढुरका धूसरपणा दिसतो, तो पालथे झोपल्यावर नाहीसा होतो, आणि खरा आजार असेल तर तो तसाच राहतो. सुरुवातीचा ॲस्बेस्टॉसिस साध्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल’ या दोन शब्दांवर समाधान मानू नये. सोबत फुफ्फुसांच्या कार्यक्षमतेची तपासणी हवी. नुसती फुंकर मारण्याची स्पायरोमेट्री पुरेशी नसते, रक्तात प्राणवायू किती सहज मिसळतो हे मोजणारी डीएलसीओ चाचणीही करून घ्यावी, कारण काही रुग्णांत पहिला बिघाड तिथेच दिसतो. सहा मिनिटे चालवून बोटाला लावलेल्या यंत्रावर प्राणवायू किती उतरतो ते पाहणे हे साधे आणि जवळजवळ फुकट होणारे काम आहे, तरी ते वारंवार राहून जाते.

इतिहास पक्का असेल आणि सीटीतले चित्र त्याच्याशी जुळत असेल, तर बहुतेक वेळा फुफ्फुसाचा तुकडा काढून तपासण्याची गरज नसते. ६८ वर्षांच्या, दम लागणाऱ्या माणसाला त्या जोखमीत घालण्याआधी दोनदा विचार व्हायला हवा. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. छातीच्या एकाच बाजूला सतत दुखणे, एका बाजूला पाणी साचणे, ते काढल्यावर पुन्हा भरणे, किंवा झपाट्याने वजन उतरणे यांपैकी काहीही दिसले, तर थांबू नका. गोदीत काम केलेल्या माणसाच्या छातीतले पाणी म्हणजे क्षयच असे गृहीत धरून महिने घालवलेले मी पाहिले आहेत. अशा वेळी दुर्बिणीतून फुफ्फुसाभोवतीच्या आवरणाचा तुकडा घेऊन तपासावा लागतो, आणि तो तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला रुग्णाचा व्यवसाय कळवावा लागतो.

उपचारांविषयी खोटी आशा दाखवणे मला पटत नाही. ॲस्बेस्टॉसिसमध्ये कडक झालेला भाग पुन्हा मऊ होत नाही. काही रुग्णांना या बदलांची गती मंदावणारी औषधे देता येतात, पण ती द्यावीत की नाही हे आजार किती वेगाने वाढतो आहे, यकृत कसे आहे आणि खर्च झेपतो का, यावर ठरते. त्याहून जास्त फरक मला साध्या गोष्टींनी पडलेला दिसतो: फ्लू आणि न्यूमोकोकस (न्यूमोनियाचा एक जंतू) यांची लस, श्वासाचे आणि चालण्याचे नियमित व्यायाम, प्राणवायू खरोखर उतरत असेल तर घरी ऑक्सिजन, आणि चुलीच्या व उदबत्तीच्या धुरापासून दूर राहणे.

आईबद्दल तुम्ही विचारले ते फार बरे केले, कारण हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. १९६५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेसोथेलिओमाचे असे रुग्णही सापडले होते, ज्यांचा एकमेव संबंध म्हणजे घरातल्या ॲस्बेस्टॉस कामगाराचे धुळीने भरलेले कपडे धुणे. त्याआधी, १९६० साली, दक्षिण आफ्रिकेत निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या परिसरात राहणाऱ्या, पण खाणीत कधी न गेलेल्या लोकांतही हा आजार नोंदवला गेला होता. म्हणजे धोका खरा आहे. मात्र तो प्रत्यक्ष काम करणाऱ्यापेक्षा पुष्कळ कमी असतो, आणि महिनाभराच्या खोकल्याची इतर कारणेच अधिक संभवतात. आईचा एक एक्स-रे करा, डॉक्टरांना कपडे धुण्याची गोष्ट सांगा आणि ती तिच्या केस पेपरवर नोंदवून घ्या. ती कपडे झटकून भिजवत असे की तसेच बादलीत टाकत असे, हेही विचारा.

खरे सांगायचे तर तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी ओळ धाकट्या भावाची आहे. वडिलांच्या फुफ्फुसात जे गेले ते परत काढता येणार नाही, पण भावाच्या फुफ्फुसात ते अजून रोज जात असण्याची शक्यता आहे. दारूखान्यात तोडायला येणारी जहाजे पंचवीस-तीस वर्षांपूर्वी किंवा त्याहीआधी बांधलेली असतात, म्हणजे जी वस्तू वडिलांनी बसवली किंवा दुरुस्त केली, तीच भाऊ फोडतो आहे. आणि फोडताना तंतू बसवतानापेक्षा जास्त उडतात, कारण जुने आवरण वाळून ठिसूळ झालेले असते.

जहाज पुनर्चक्रीकरणाचा कायदा भारताने २०१९ साली केला, आणि जहाजतोडणीविषयीचा हाँगकाँगचा आंतरराष्ट्रीय करार २६ जून २०२५ रोजी लागू झाला. त्यांनुसार जहाजावर कुठे काय घातक आहे याची यादी जहाजासोबत असायला हवी, आणि ॲस्बेस्टॉस तोडणीआधी प्रशिक्षित माणसांनी वेगळा काढायला हवा. तो काढण्याची रीत अशी: जागा प्लॅस्टिकने बंद करायची, साबणासारखे द्रव्य मिसळलेले पाणी मारून आवरण पूर्ण भिजवायचे, ते न फोडता तुकड्यांनी उतरवायचे, दुहेरी जाड पिशव्यांत बंद करून खूण करायची आणि तळोजासारख्या ठिकाणच्या घातक कचऱ्याच्या अधिकृत प्रकल्पात पाठवायचे. कोरडा झाडू आणि कॉम्प्रेसरची हवा पूर्ण वर्ज्य असते. रुमाल, कापडी मास्क किंवा सर्जिकल मास्क यांनी हे तंतू अडत नाहीत, आणि साधा एन-९५ मास्कही या कामासाठी पुरेसा मानला जात नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा रबरी मास्क आणि त्याला पी-१०० दर्जाचे फिल्टर लागतात, आणि दाढी असेल तर तोही नीट बसत नाही.

कंत्राटी मजूर म्हणून भाऊ यातले किती मागू शकेल, हे मुकादमावर आणि घरच्या गरजेवर अवलंबून आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. म्हणून त्याच्या स्वतःच्या हातात असलेल्या गोष्टी सांगतो. आवरण काढण्याचे काम त्याच्या वाट्याला येत असेल तर ते शक्य तितके टाळावे, आणि कापणीच्या जागी आवरण शिल्लक दिसले तर निदान पाणी मारल्याशिवाय गॅस कटर लावू नये. कामाचे कपडे घरी आणू नयेत, आणावेच लागले तर ओल्या पिशवीत आणून वेगळे धुवावेत. जहाजातून निघालेली केबिनची पॅनेल, दोरी किंवा कापड घरच्या उपयोगासाठी कधीही आणू नये. आणि रोज संध्याकाळी एका वहीत जहाजाचे नाव, त्याचा सात अंकी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक आणि त्या दिवशी केलेले काम लिहावे. जहाजाचे नाव आणि मालक बदलतात, हा क्रमांक बदलत नाही. वडिलांसाठी तुम्ही आज जे आठवणीतून गोळा करत आहात, ते भावासाठी वीस वर्षांनी या वहीत तयार असेल.

भावाच्या कामात ॲस्बेस्टॉस हा एकमेव धोका नाही. जुन्या जहाजांच्या रंगात शिसे असते, आणि असा रंग न खरवडता पत्रा गॅसने कापला की शिशाचा धूर सरळ छातीत जातो. रक्तातले शिसे मोजता येते आणि ते आजच्या संपर्काविषयी आजच उत्तर देते, म्हणून ही तपासणी त्याने लवकर करून घ्यावी. किनाऱ्याचेही असेच आहे. तेल, रंगाचे पोपडे, जहाजाच्या तळाला शेवाळ चिकटू नये म्हणून पूर्वी लावत असलेले कथिलयुक्त विषारी रंग, हे सगळे चिखलात उतरते. चिखलात टाकलेले आवरण भरतीत भिजते, ओहोटीत वाळते, आणि वाळल्यावर त्यातले तंतू पुन्हा वाऱ्यावर उडू शकतात, कारण ते कुजत नाहीत. जवळच्या वस्तीतली मुले तिथे खेळतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

गावच्या पत्र्यांबद्दल थोडक्यात. अखंड सिमेंटच्या पत्र्यात तंतू सिमेंटमध्ये बांधलेले असतात, त्यामुळे त्याखाली राहणे आणि गोदीत आवरण फोडणे यांची तुलना होऊ शकत नाही. पत्रा कापू नका, त्याला ड्रिल मारू नका, वायरब्रशने शेवाळ घासू नका. बदलायचा असेल तर भिजवून, बोल्ट सोडवून अखंड उतरवा. २०२०च्या निसर्ग वादळात फुटलेले तुकडे परसात पडून असतील, तर ते ओले करून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून एका जागी ठेवा आणि वाटेवर भर घालायला वापरू नका.

शेवटी कागदपत्रे आणि भरपाई. ॲस्बेस्टॉसिस हा कारखाने अधिनियमानुसार कळवण्यायोग्य आजार होता आणि नव्या श्रम संहितेतही आहे, म्हणजे निदान करणाऱ्या डॉक्टरने तो शासनाच्या कारखाना निरीक्षण यंत्रणेला कळवणे बंधनकारक असते, आणि रुग्ण निवृत्त झालेला असला तरी हे बंधन सुटत नाही. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. १९२३च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत ॲस्बेस्टॉसिस आणि ॲस्बेस्टॉसमुळे होणारा कर्करोग दोन्ही होते. आता हे जुने कायदे २०२०च्या श्रम संहितांमध्ये सामावले गेल्यामुळे वडिलांच्या प्रकरणी अर्ज कोणत्या तरतुदीखाली करायचा, हे कामगार कायद्याच्या वकिलाकडून ठरवून घ्या. अर्जाला मुदत असते, तेव्हा निदानाचा कागद हातात आल्यावर वेळ घालवू नका. आधीच उशीर झाला असेल तर त्याचे सबळ कारण देऊन तो माफ करून घेता येतो.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५च्या निकालात ॲस्बेस्टॉसशी संबंधित उद्योगांना असा आदेश दिला होता की, प्रत्येक कामगाराची आरोग्यविषयक नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपावी. हा हिशेब वडिलांना लावला तर पहिली मुदत २०१९ला संपली, दुसरी २०३०ला संपते. म्हणून गोदीच्या वैद्यकीय विभागाकडे जुन्या तपासण्या आणि एक्स-रे यांची मागणी आत्ताच लेखी करा आणि पोच घ्या. गोदी सरकारी असेल तर माहिती अधिकाराचा अर्जही करता येईल. निदानाविषयी दुसरे मत हवे असेल तर मुंबईतल्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांचे छातीविकार विभाग आहेत, आणि व्यावसायिक आजारांवर काम करणाऱ्या संस्थांमध्ये शीव येथील केंद्रीय श्रम संस्था आणि अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहेत.

नोंदी मिळाल्या नाहीत, तर सोबत काम केलेल्या माणसांची प्रतिज्ञापत्रे उपयोगी पडतात. वडिलांना त्यांच्या टोळीतली नावे विचारा, आणि त्या लोकांना भेटायला जाल तेव्हा त्यांनाही जिना चढताना दम लागतो का, तेवढे विचारून या.